द्राक्षांतील औषधांश आणि तपासणी-यंत्राची रेघ

ज्या बागायतदारांचा माल परदेशीं जातो, त्यांच्या हातीं हंगामांत प्रयोगशाळेचा एक कागद येतो. त्यावर औषधांचीं नांवें एकाखालीं एक छापलेलीं असतात व प्रत्येकापुढें एक आंकडा असतो. आंकडा मर्यादेच्या आंत असला तर माल जहाजावर चढतो. बाहेर असला तर वर्षाची मेहनत आणि कर्ज काढून घातलेला पैसा, दोन्ही धोक्यांत येतात. परंतु हा आंकडा कोठून येतो आणि त्यावर किती भरंवसा ठेवावा, याची माहिती आपल्यापैकीं थोड्यांसच असते. सातबाराचा उतारा आपण वाचून पाहतों व नोंद चुकलेली दिसल्यास अर्ज करतों. हा कागदहि तसाच वाचतां आला पाहिजे. प्रस्तुत लेखकाचा जन्म महसुली दप्तरांत गेला असल्यामुळें नोंद कशी पारखावी इतकेंच त्यास ठाऊक. त्याच दृष्टीनें हा पाठ लिहिला आहे.

१. मोजावयाचें तें किती सूक्ष्म

युरोपीय संघाच्या कायद्यांत ज्या औषधासाठीं निराळी मर्यादा ठरविलेली नाहीं, त्यास दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. दहा टन द्राक्षें गाडींत भरलीं, तर त्या सर्वांत मिळून तें औषध एक दशांश ग्रॅमहून अधिक असूं नये. इतका लहानसा अंश साखर, आम्ल, रंग व तुरट द्रव्यें यांच्या गर्दींतून शोधून काढावयाचा आहे.

याची किंमत आपल्या बागायतदारांनीं २०१० सालीं मोजली. वेलीची वाढ आवरण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश भारतीय द्राक्षांत युरोपांत सांपडला. तेथील मर्यादा तेव्हां दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. माल बंदरांत अडकला आणि अनेकांस मोठें नुकसान सोसावें लागलें. आपल्याकडील निर्यात-तपासणीच्या यादींत तें द्रव्य त्या वेळीं नव्हतें. यावरून दोन बोध मिळतात. जें शोधिलें जात नाहीं तें सांपडत नाहीं, हा पहिला. दुसरा असा कीं, जें शोधावयाचें तें गर्दींतून स्पष्ट दिसलें पाहिजे. या पाठाचा विषय मुख्यतः दुसरा आहे. पहिल्याकडे ओघानें येऊं.

२. यंत्र काय करतें

तपासणीचें यंत्र दोन यंत्रांची जोडी आहे. पहिलें अर्धें क्रोमॅटोग्राफीचें. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं पानांतील रंगद्रव्यें खडूच्या पुडीनें भरलेल्या नळींतून ओतून एकमेकांपासून वेगळीं केलीं, तीच ही युक्ति. बाजाराच्या वाटेनें पुष्कळ माणसें एकदम निघालीं असतां जो प्रत्येक दुकानाशीं थांबतो तो उशिरां पोंचतो व जो सरळ चालतो तो आधीं पोंचतो. त्याप्रमाणें नळींतील भरावाशीं ज्या द्रव्याची सलगी अधिक, तें मागाहून बाहेर पडतें. प्रत्येक द्रव्याची बाहेर पडण्याची वेळ ठरलेली असते.

दुसरें अर्धें मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा तराजू. नळींतून आलेल्या द्रव्यास विजेचा भार देऊन त्याचे आयन बनवितात, व वजन आणि भार यांच्या प्रमाणावरून त्यांची निवड करतात. अमेरिकेंत गोल्के व मॅकलाफर्टी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत वायूवर चालणाऱ्या नळीस असा तराजू जोडून दाखविला. द्रवावर चालणाऱ्या नळीची जोडणी त्याहून कठीण होती. विद्युत्-तुषारांनीं मोठे रेणू न मोडतां तराजूंत नेण्याची रीति जॉन फेन यांनीं बसविली व त्याबद्दल २००२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आजच्या बहुतेक औषधांश-तपासणींत हे तुषार वापरले जातात.

यंत्र शेवटीं एक रेघ काढून देतें. आडव्या बाजूस वेळ, उभ्या बाजूस आयनांची संख्या. द्रव्य बाहेर पडतांच रेघ वर चढते व मग उतरते. या उंचवट्यास शिखर म्हणूं. शिखराखालील क्षेत्रफळावरून द्रव्याचें प्रमाण काढतात. शिखर नसतांहि रेघ सपाट नसते. ती थरथरत असते. या थरथरीस गोंगाट म्हणूं. शिखराची उंची गोंगाटाच्या निदान तिप्पट असल्याखेरीज द्रव्य दिसलें असें म्हणत नाहींत, व दसपट असल्याखेरीज त्याचें प्रमाण सहसा सांगत नाहींत. सर्व खटाटोप हें प्रमाण वाढविण्याचा आहे.

३. रेघ कशानें बिघडते

बिघाडाचीं कारणें तीन. पहिलें, विजेच्या जोडणींतील व आयनांच्या मोजणींतील अनियमित चढउतार. हा कधीं वर तर कधीं खालीं असतो. दुसरें, द्रावक व नळी यांतून सतत येणारीं परकीं द्रव्यें. यांमुळें सबंध पायरेषाच उंचावते. तिसरें कारण सर्वांत घातक, कारण तें डोळ्यांस दिसत नाहीं. द्राक्षाच्या रसांतील इतर द्रव्यें औषधाबरोबर एकाच वेळीं तुषारांत आलीं, म्हणजे विजेच्या भारासाठीं झोंबाझोंबी होते व औषधाच्या वांट्यास कमी भार येतो. रेघ स्वच्छ दिसते, शिखरहि सुरेख असतें, परंतु तें खऱ्याहून ठेंगणें असतें. अशा कागदावर "मर्यादेच्या आंत" असें लिहून येतें आणि तोच माल परक्या बंदरांत मर्यादेबाहेर ठरूं शकतो.

४. रेघ काढण्यापूर्वींचे उपाय

जाणते तपासनीस आधीं येथें लक्ष घालतात. खळ्यावर धान्य नीट उपणलें नाहीं तर तराजू कितीहि चांगला असला तरी भुसाचेंच वजन होतें.

(अ) शुद्धि. कुटलेल्या द्राक्षांतून औषधें द्रावकांत उतरवून घेतात; आपल्याकडे द्राक्षांसाठीं इथाइल ॲसिटेट या द्रावकाची पद्धति रूढ आहे. नंतर पीएसए नांवाची भुकटी त्यांत ढवळतात. ती आम्लें, कांहीं शर्करा व रंगद्रव्यें धरून ठेवते. मात्र क्लोरमेक्वाटसारखीं पाण्यांत सहज विरघळणारीं, मूळचाच विजेचा भार असलेलीं द्रव्यें या सामान्य रीतीनें नीट उतरत नाहींत. त्यांस वेगळी रीति लागते. एकाच चाळणीनें सर्व धान्य चाळलें जात नाहीं.

(आ) पातळ करणें. अर्क दसपट पातळ केला तर औषध दसपट कमी होतें हें खरें, परंतु त्याची वाट अडविणारी गर्दीहि तितकीच पांगते. यंत्र पुरेसें तीक्ष्ण असल्यास यांत फायदाच होतो.

(इ) सोबती द्रव्य. औषधाचाच, पण कांहीं हायड्रोजन अणूंच्या जागीं जड हायड्रोजन असलेला रेणू ठराविक मापानें नमुन्यांत प्रथमच घालतात. तो त्याच वेळीं बाहेर पडतो, तीच झोंबाझोंबी सोसतो, पण वजनानें वेगळा ओळखूं येतो. सोबती निम्मा दिसला तर औषधहि निम्मेंच दिसलें असें समजून हिशेब पुरा करतात. सोबती द्रव्य नसेल तेथें औषध न मारलेल्या द्राक्षांच्या अर्कांत मापाचीं द्रावणें तयार करून त्यांशीं तुलना करावी. नुसत्या शुद्ध द्रावकांतील मापाशीं तुलना फसवी ठरते.

(ई) शिखर अरुंद करणें. तेंच धान्य पसरलें तर थर पातळ होतो व गोळा केलें तर रास उंच होते. नळी चांगली व प्रवाह योग्य असल्यास तेवढेंच औषध थोड्या वेळांत बाहेर पडतें व शिखर गोंगाटावर उठून दिसतें.

(उ) दुहेरी निवड. क्लोरमेक्वाटचा आयन १२२ या वजनाचा. यंत्र प्रथम १२२ तेवढे निवडतें, ते फोडतें व त्यांतून निघालेले ५८ वजनाचे तुकडे तेवढे मोजतें. यांत शिखर लहान होतें, कारण वाटेंत पुष्कळ आयन गळतात. परंतु गोंगाट त्याहून कितीतरी अधिक घटतो. म्हणून शिखराची नुसती उंची पाहूं नये, गोंगाटाशीं असलेलें प्रमाण पाहावें.

(ऊ) मोजण्यास पुरेसा वेळ. एक शिखर सहा सेकंद टिकतें असें समजा. त्याचा आकार नीट उमटण्यास सुमारें बारा नोंदी हव्यात. म्हणजे प्रत्येक फेरीस अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदांत पन्नास जोड्या मोजावयाच्या असल्यास प्रत्येकीस सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. परंतु जें द्रव्य ज्या वेळीं येणार त्याच वेळीं तें मोजावें असें वेळापत्रक बांधलें व एका वेळीं दहाच जोड्या उरल्या, तर प्रत्येकीस पांचपट वेळ मिळतो. पुढें दिलेल्या नियमानें गोंगाट त्यामुळें सुमारें सव्वादोनपट घटतो. यंत्र तेंच, खर्च तोच. केवळ कामाची वांटणी बदलली.

५. रेघ काढल्यानंतरचे उपाय

पीक-कापणीच्या प्रयोगांत एका तुकड्यावरून गांवचा उतारा ठरवीत नाहींत. अनेक तुकडे कापून सरासरी काढतात. अनियमित चूक एकदां वर जाते, एकदां खालीं. सरासरींत ती बरीचशी फिटते. नियम असा कीं, चार नोंदींच्या सरासरीनें गोंगाट निम्मा होतो, नऊ नोंदींनीं एक तृतीयांश, आणि शंभर नोंदींनीं एक दशांश. मात्र साखळीची एक कडीच तोकडी असेल, तर शंभर वेळां मोजूनहि क्षेत्र खरें येणार नाहीं. वर सांगितलेली भाराची झोंबाझोंबी ही अशी तोकडी कडी आहे. सरासरीनें ती दुरुस्त होत नाहीं.

रेघेवरील लगतच्या नोंदींचीहि सरासरी काढतां येते. हिशेबास सोयीचे म्हणून योजलेले हे तेरा आंकडे पाहा:

३, १, ५, ३, १, ५, १५, २५, १४, ६, १, ५, ३.

पायरेषा ३ ची, गोंगाट १ पासून ५ पर्यंत, मधोमध शिखर. आतां प्रत्येकीं लगतच्या तीन आंकड्यांची सरासरी मांडली तर:

३, ३, ३, ३, ७, १५, १८, १५, ७, ४, ३.

थरथर गेली व शिखर स्वच्छ झालें. परंतु २५ चे १८ झाले, हें विसरूं नये. उलट पायरेषेच्या वरील बेरीज दोन्हीं वेळां ४८ च येते. वाचकांनीं ती स्वतः करून पाहावी. म्हणजे अशा सरासरीनें उंची घटते, क्षेत्रफळ टिकतें. उंचीवरून प्रमाण काढणाऱ्यानें माप-द्रावणाच्या रेघेसहि तेवढेंच गुळगुळीत केलें पाहिजे. एकास रंधा मारून दुसऱ्यास तसेंच ठेवणें म्हणजे दोन मापांनीं धान्य मोजणें होय. तीनऐवजीं सात आंकडे घेतले तर शिखराच्या जागीं सुमारें साडेनऊच उरतात, व शेजारीं दुसरें लहान शिखर असल्यास दोन्हीं मिळून एकच टेंकाड होतें.

हा दोष कमी करण्यासाठीं साविट्स्की व गोले यांनीं १९६४ सालीं एक रीति प्रसिद्ध केली. सरळ सरासरीऐवजीं लगतच्या नोंदींवर एक वक्ररेषा बसवून तिचा मधला बिंदु घ्यावयाचा. यानें शिखराची उंची पुष्कळशी राखली जाते. आजहि ही रीति सर्वत्र चालू आहे. तरी कोणतीहि रीति घेतली तरी मूळ नोंदींत जें आलेंच नाहीं तें ती आणूं शकत नाहीं.

दुसरा उपाय निवडीचा आहे. यादीबाहेरचें द्रव्य शोधावयाचें झाल्यास यंत्रास सर्वच वजनें नोंदवूं द्यावीं लागतात. प्रत्येक वजनाची एक रेघ, अशा शेंकडों रेघा होतात, व त्यांची बेरीज केली कीं द्रावकाच्या गोंगाटांत लहान शिखरें बुडून जातात. विलेम विंडिग व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं यावर तोड सुचविली. तिचें संक्षिप्त नांव कोडा. प्रत्येक रेघेची एक गुळगुळीत केलेली व सरासरी वजा केलेली प्रत काढावयाची आणि मूळ रेघ तिच्याशीं ताडून पाहावयाची. रेघ नुसत्या कांट्यांची असली तर गुळगुळीत प्रत निराळी दिसते. रेघ सतत उंच पायरेषेची असली तर सरासरी वजा होतांच प्रतींत कांहीं उरत नाहीं. खऱ्या शिखराची रेघ मात्र आपल्या प्रतीशीं जुळते. साम्य मोजून शून्य ते एक यांच्या दरम्यान गुण द्यावयाचे, व चांगल्या गुणांच्याच रेघा ठेवून बाकीच्या बाजूस सारावयाच्या. दप्तरांतील कोऱ्या पानांचा गठ्ठा वेगळा काढला कीं नोंदीचीं पानें आपोआप वर येतात, तसें हें आहे. मात्र गुणांची कसोटी फार कडक लावली तर अशक्त पण खरी नोंदहि कोऱ्या पानांबरोबर जाते. २०१० सारखा प्रसंग टाळावयाचा असेल तर यादीची तपासणी व यादीबाहेरचा शोध, दोन्हीं चालू पाहिजेत.

६. शिखराचा पंचनामा

शिखर दिसलें म्हणजे औषध सिद्ध झालें असें नव्हे. युरोपीय संघाच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें साक्षी जुळाव्या लागतात. शिखराची वेळ माप-द्रावणाच्या वेळेशीं ०.१ मिनिटाच्या आंत जुळली पाहिजे. एकच नव्हे, निदान दोन आयन दिसले पाहिजेत, आणि त्यांचें परस्पर प्रमाण मापांतील प्रमाणाहून शेंकडा ३० पेक्षां अधिक ढळतां कामा नये. क्लोरमेक्वाटमध्यें क्लोरिन असल्यामुळें निसर्गानेंच एक साक्षीदार दिला आहे. क्लोरिनचे हलके व जड अणु सुमारें तीनास एक या प्रमाणांत असतात. म्हणून १२२ बरोबर १२४ चीहि रेघ सुमारें एक तृतीयांश उंचीची उमटते. मापांत शंभरास ३२ हें प्रमाण असल्यास नमुन्यांत तें २२ ते ४२ च्या दरम्यान असावें. तें ७० आलें तर दुसरेंच कांहीं द्रव्य मध्यें शिरलें आहे असें समजावें.

याखेरीज औषधरहित नमुना चालवून पाहावा. त्यांतहि तेंच शिखर आलें तर दोष यंत्रांत राहिलेल्या मागील नमुन्याचा किंवा द्रावकाचा. तसेंच औषधरहित द्राक्षांत ठराविक औषध मुद्दाम घालून तें किती परत सांपडतें हें पाहावें. शंभरांत ७० ते १२० परत आलें तर पद्धति चालण्यासारखी मानतात.

इतकें करूनहि आंकडा बिनचूक नसतो. युरोपांतील अधिकारी मालावर कारवाई करतांना सामान्यतः मोजणीची अनिश्चितता शेंकडा ५० धरतात. मर्यादा ०.०५ असतां ०.०८ आढळले तर त्यांतून ०.०४ वजा जातात व दोष सिद्ध होत नाहीं, ०.१२ आढळले तर निम्मे वजा करूनहि ०.०६ उरतात व माल दोषी ठरतो. परंतु ही सवलत कारवाई करणाऱ्याची आहे, माल पाठविणाऱ्याची नव्हे. तिच्या भरंवशावर बाग तोडूं नये.

७. बागायतदारानें काय करावें

पहिली गोष्ट, नमुना. प्रयोगशाळेचा माणूस नमुना घेण्यास आला असतां स्वतः हजर राहावें व घड सर्व प्लॉटांतून, उन्हांतील व सावलींतील, वरचे व खालचे, असे मिसळून घेतले जातील हें पाहावें. रस्त्याकडेच्या दोन ओळींचा नमुना सबंध बागेची साक्ष देऊं शकत नाहीं, आणि येथें झालेली चूक कोणत्याहि यंत्रानें निघत नाहीं.

दुसरी, फवारणीची वही. औषध, वाढ-रोधक, खतांचें मिश्रण, जें जें वेलीवर पडलें त्याचें नांव, प्रमाण व तारीख त्याच दिवशीं लिहावी व वहीची नक्कल नमुन्याबरोबर द्यावी. यंत्रास काय शोधावयाचें हें कळलें तर तें योग्य वेळीं व पुरेसा वेळ पाहतें. बाटलीवर घटकांचें नांव नसलेलें टॉनिक बागेंत आणूं नये.

तिसरी, प्रश्न. या पद्धतीनें किमान किती अंश मोजतां येतो? किती द्रव्यांची यादी तपासली? औषध घातलेल्या नमुन्यांतून शेंकडा किती परत आलें? तुलना द्राक्षाच्या अर्कांतील मापाशीं केली काय? दोन्ही आयन व वेळ जुळली काय? हे पांच प्रश्न विचारण्याचा पैसे भरणारास पूर्ण हक्क आहे. "आढळलें नाहीं" या शब्दांचा अर्थ "किमान मोजतां येणाऱ्या अंशाइतकें आढळलें नाहीं" एवढाच असतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचें उत्तर मर्यादेपेक्षां मोठें असेल तर त्या कागदास किंमत नाहीं.

चौथी, शंका. दोन प्रयोगशाळांचे आंकडे जुळत नसल्यास सोईचा आंकडा धरून दुसरा फाडूं नये. दोहोंकडील शिखरांच्या रेघा मागवून जाणत्यास दाखवाव्या. पुण्याजवळ मांजरी येथें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे व या विषयांतील संदर्भ-प्रयोगशाळा तेथेंच आहे.

नोंद चांगली असावी असें वाटत असेल तर मोजणी चांगली पाहिजे, व मोजणीच्याहि आधीं बांध साफ पाहिजे. मागाहून रेघ घोटून सुबक करतां येते, परंतु स्वच्छ नमुना, नीट शुद्धि व योग्य माप यांची भरपाई त्या घोटण्यानें होत नाहीं. यंदाच्या छाटणीपासूनच वही उघडावी, आणि तोडणीच्या आधीं येणारा तो कागद प्रत्येकानें सहीपूर्वीं ओळीओळीनें वाचावा.